दापोलीच्या वाळूतला चरस आणि जयगडचा प्रश्न

प्रश्न : मी जयगडचा. घरची मासेमारी आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसच्या पिशव्या लागल्या, तेव्हा आमच्याकडेही महिनाभर जेटीवर दुसरा विषय नव्हता. कस्टम्स आहे, पोलीस आहेत, तटरक्षक दल आहे, नौदल आहे. एवढं सगळं असून हा धंदा थांबत कसा नाही? सरकारला तो थांबवायचाच नाही, की थांबवताच येत नाही? आणखी एक विचारायचं आहे. आमच्या वाडीतला एक मुलगा या नादाला लागला आहे. घरचे पोलिसांच्या भीतीने कुठेच जात नाहीत. त्यांना काय सांगू?
– एक वाचक, जयगड

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, पण त्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं, म्हणून क्रमाने जाऊ. अमली पदार्थांचा धंदा कायमचा बंद करणं आजवर कुठल्याही सरकारला जमलेलं नाही. ज्यांना काही वर्षांपुरतं जमलं, त्यांनी त्यासाठी जे केलं ते तुम्हाआम्हाला आपल्या देशात नको असेल. मात्र हा धंदा केवढा वाढतो, किती घरांत शिरतो आणि किती माणसं खातो, हे बऱ्याच अंशी सरकारच्या हातात असतं. आणि तिथे आपलं सरकार पुरेसं करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी दापोलीचं बघू. ऑगस्टच्या मध्याला कर्दे किनाऱ्यावर पहिली पाकिटं सापडली. मग लाडघर, केळशी, मुरूड, कोळथरे, बुरोंडी, दाभोळ अशी रांगच लागली. काही दिवसांत कस्टम्सने अडीचशे किलोहून अधिक चरस गोळा केला. पुढे रायगडच्या श्रीवर्धन-हरिहरेश्वर पट्ट्यातही तशीच पाकिटं लागली. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेला वाहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. गुजरातसमोरच्या समुद्रात कुणी काही टाकलं, तर ते आज ना उद्या कोकणाला लागणार. गस्तीची बोट दिसली की माल पाण्यात सोडून द्यायचा, ही या धंद्यातली जुनी रीत आहे.

या जप्तीत माल सापडला, पण मालाबरोबर माणूस नव्हता. विकणारा दूर, घेणारा दूर, आणि मधल्यांनी हात झटकलेले. मग धंद्याचं नुकसान किती झालं? फार नाही. बोट समुद्रात गेली की बर्फ कमी पडून थोडी मासळी खराब होणार, हे तुम्ही हिशेबात धरूनच भाव लावता. तस्करही तसंच करतो. जिथे माल तयार होतो तिथली त्याची किंमत आणि शहरातल्या गल्लीत पुडीला मिळणारी किंमत यांत इतकं अंतर असतं, की निम्मा माल बुडाला तरी उरलेल्या निम्म्यावर तो कमावतो. उलट माल अडला की बाजारातला भाव चढतो आणि पुढची खेप आणणाऱ्याची हाव वाढते.

सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांतून २,९८८ किलो हेरॉइन पकडलं गेलं. अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेले ते कंटेनर कागदोपत्री टाल्क पावडरीच्या दगडांचे होते. देशाच्या इतिहासातल्या मोठ्या जप्त्यांपैकी ही एक. पण वर्षभरातच न्हावा-शेव्याला ज्येष्ठमधाच्या काड्यांवर हेरॉइन चढवून आणलेला मोठा साठा सापडला. तुमच्या जयगडच्या बंदरात बहुतेक कोळसा-खनिजासारखा सुटा माल उतरतो. न्हावा-शेव्याला मात्र कंटेनरांचे डोंगर असतात, आणि प्रत्येक कंटेनर उघडायचा म्हटलं तर देशाचा व्यापारच थांबेल. किनाऱ्याचंही तेच. एकट्या रत्नागिरी जिल्ह्याला सुमारे १६७ किलोमीटर किनारा आहे. बाणकोट, केळशी, आंजर्ले, दाभोळ, जयगड, काळबादेवी, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर या खाड्या मोजा. प्रत्येक खाडीत होडी लावायला दहा जागा असतात, आणि भरती-ओहोटीचं गणित तिथल्या माणसाइतकं कुठल्याच खात्याला येत नाही.

आता एक गोष्ट आठवा. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ती पक्की ठाऊक असेल. याच किनाऱ्यावर एके काळी सोनं उतरायचं. दुबईहून दहा तोळ्यांची बिस्किटं घेऊन गलबतं यायची, रात्रीत माल उतरायचा आणि पहाटेपर्यंत मुंबईच्या वाटेला लागायचा. कस्टम्सने छापे घातले, माणसं तुरुंगात गेली, सिनेमे निघाले, पण सोनं यायचं थांबलं नाही. मग ते थांबलं कशाने? १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १९९२ मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयांना जकात भरून ५ किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली. दुबईच्या आणि मुंबईच्या भावातलं अंतर घटलं आणि रात्री बोट लावण्यात राम उरला नाही. २०१३ मध्ये सरकारने सोन्यावरची जकात १० टक्क्यांपर्यंत नेली, तेव्हा तस्करी परत आली, या वेळी विमानतळांवरून. २०२२ मध्ये जकात १५ टक्क्यांवर गेली आणि जुलै २०२४ मध्ये सरकारला ती ६ टक्क्यांवर आणावी लागली. तस्करी रोखणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

यातून निघणारा निष्कर्ष मला टाळता येत नाही. किनाऱ्यावर काय उतरतं हे गस्तीपेक्षा भावातल्या फरकावर जास्त ठरतं.

त्या सोन्या-चांदीच्या वाटांनी दुसरंही एक नुकसान केलं, आणि ते कोकणाने विसरू नये. १९९३ च्या सुरुवातीला रायगडमधल्या दिघी आणि शेखाडीला स्फोटकं आणि शस्त्रं उतरली. उतरवणारी माणसं तस्करीतली, वाटा तस्करीच्या, आणि डोळे मिटून घ्यायची सवय लागलेले सरकारी नोकरही त्याच धंद्याने घडवलेले. १२ मार्चला मुंबईत बॉम्ब फुटले आणि २५७ माणसं गेली. पुढे विशेष न्यायालयाने कस्टम्स आणि पोलीस खात्यातल्या काहींनाही दोषी ठरवलं. सोनं काय आणि चांदी काय, त्याने कुणाचा जीव जात नाही, असं म्हणत जी वाट मोकळी सोडली, तिच्यावरून काय येईल हे मग कुणाच्याच हातात राहिलं नाही. म्हणून ‘धंदा थांबत नाही तर गस्त कशाला’ असं म्हणणारा मी नाही. गस्त हवीच. तिच्यामुळे धंदा उघड्यावर येत नाही, महाग राहतो आणि गावातल्या पोरांच्या हातात सहज पडत नाही. फक्त गस्तीने तो संपेल अशी आशा धरू नये.

सरकार मनापासून झटलं तर? एका सत्तेने असा प्रयत्न आपल्याच मुलखाच्या आसपास केला होता. १८१८ नंतर ईस्ट इंडिया कंपनीला माळव्याची अफू आपल्या ताब्यात हवी होती. बंगालच्या अफूवर तिची मक्तेदारी होती आणि शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकणारी अफू चीनच्या बाजारात त्या मक्तेदारीला खाली ओढत होती. कंपनीने संस्थानांशी करार केले, नाके बसवले, अफू जप्त केली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी मात्र असा करार करून दिला नाही. व्यापाऱ्यांनी वाट बदलली. राजस्थानातून वाळवंट ओलांडून अफू कराचीला जाऊ लागली, तिथून समुद्रमार्गे पोर्तुगिजांच्या दमणला आणि पुढे चीनला. आशियातल्या सगळ्यात बलाढ्य कंपनीला एक पीक अडवता आलं नाही. शेवटी १८३० च्या सुमारास तिने नाद सोडला आणि पेटीमागे १७५ रुपये भरून अफू सरळ मुंबईला आणायचा परवाना सुरू केला. १८४३ मध्ये सिंध जिंकून कराचीची वाट बंद झाल्यावर तोच कर वाढत वाढत ४०० रुपयांवर गेला. मुंबईच्या कित्येक पेढ्या या पैशावर उभ्या राहिल्या आणि चीनमधली कोट्यवधी माणसं त्यात बुडाली. सरकार या धंद्यात स्वतः उतरलं की काय होतं, याचाही हा धडा आहे. ‘सगळं खुलं करा, कर लावा, म्हणजे प्रश्न सुटेल’ असं म्हणणाऱ्यांना मी तो नेहमी सांगतो. सोन्याला लागू पडलेला उपाय हेरॉइनला तसाच लावता येत नाही. सोनं घेणारा दुसऱ्या दिवशी कामावर जातो.

ज्यांनी धंदा खरोखर थांबवला अशी उदाहरणंही आहेत. चीनमध्येच कम्युनिस्ट सरकारने फेब्रुवारी १९५० मध्ये अफूविरोधी हुकूम काढला आणि दोन-तीन वर्षांत पिढ्यान्‌पिढ्यांचं व्यसन जवळजवळ पुसून टाकलं. त्यासाठी देशाच्या सीमा बंद होत्या, घराघरावर नजर होती, सामूहिक अटका झाल्या, फाशी झाल्या. १९८० नंतर व्यापार खुला झाला आणि हेरॉइन परतलं. अफगाणिस्तानात तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूची लागवड बंद केली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणे २०२२ मधली २ लाख ३३ हजार हेक्टरांची लागवड २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरांवर आली. इतकी मोठी घट फार क्वचित घडते. पण त्याच वर्षी अफूच्या उत्पादनात म्यानमार जगात पहिला आला. शिवाय अफूवर घर चालवणारे अफगाण शेतकरी उघड्यावर पडले, ते वेगळंच.

आता आपल्या घराजवळ येऊ. गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात ज्या पदार्थाने सगळ्यात जास्त धुमाकूळ घातला, त्याला शेत लागत नाही आणि समुद्रही लागत नाही. तो म्हणजे मेफेड्रोन, पोरांच्या तोंडी ‘एमडी’. २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत हा पदार्थ आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, यादीतही नव्हता. त्याला लागतो रसायनशास्त्र शिकलेला एक माणूस, बाजारात मिळणारी काही रसायनं आणि औद्योगिक वसाहतीतली एखादी आडबाजूची शेड. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात असा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीला आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून आणि त्या धाग्याने इतर ठिकाणांहून मिळून १,७०० किलोंहून जास्त एमडी पकडलं, आणि त्याची किंमत साडेतीन हजार कोटींच्या घरात सांगितली गेली. तटरक्षक दलाने अरबी समुद्रात भिंत बांधली असती, तरी हे अडलं नसतं. कोकणातही लोटे, महाड, रोहा इथे रासायनिक वसाहती आहेत. तिथे कच्च्या रसायनांचा हिशेब कोण तपासतो, बंद पडलेली शेड कोण भाड्याने घेतो, हे विचारणं मला दहा नव्या गस्ती नौकांपेक्षा निकडीचं वाटतं. शेतातलं पीक उपग्रहाला दिसतं, शेडमधली भट्टी दिसत नाही.

माल समुद्रातून येवो की शेडमधून, तो शेवटी कुणातरी मुलाच्या खिशात जातो. तो मुलगा घ्यायचा थांबला तर धंदा आटतो. हे वाक्य सोपं आहे, आणि आपण त्यावर सगळ्यात कमी खर्च करतो.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ज्यांना लोक गर्दुल्ला म्हणून हाकलत होते, त्यांना मुक्तांगणने आजारी माणूस म्हणून आत घेतलं. तिथे औषध असतं, समूहाच्या बैठका असतात, स्वयंपाक-झाडलोटीची कामं असतात, बायकांचे वेगळे गट असतात, आणि घरी गेल्यावर वर्षानुवर्षांचा पाठपुरावा असतो. घसरलेला माणूस परत आला तरी दार उघडं. अशा जागा राज्यात किती आहेत? एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अफू-गर्दवर्गातल्या पदार्थांसाठी मदतीची गरज असलेले देशात सुमारे ७७ लाख लोक निघाले. आणि बेकायदा पदार्थांवर अवलंबून झालेल्या वीस जणांमागे एकालाच कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले होते. उरलेले एकोणीस जण विक्रेत्याचं कायमचं गिऱ्हाईक. त्यातल्या पाचांना जरी वेळेवर उपचार मिळाले, तरी ते नुकसान तस्कराला कुठल्याही जप्तीपेक्षा जास्त झोंबेल, कारण बुडालेली पिशवी पुन्हा भरता येते.

दारूबंदीचा अनुभवही हेच सांगतो. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. चोरटी दारू बोकाळली, हे कारण सरकारने दिलं. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी अजून टिकून आहे. तिथेही चोरटी दारू आहे, पण बंदी मागणाऱ्या बायका आणि गावं तिच्या पाठीशी उभी आहेत, आणि ‘मुक्तिपथ’ या तिथल्या व्यसनविरोधी मोहिमेच्या कामात गावसमित्यांच्या जोडीने व्यसनींच्या उपचारांचीही सोय आहे. नुसता हुकूम आणि गावाने उचललेला हुकूम यांत केवढा फरक पडतो, ते दोन शेजारच्या जिल्ह्यांत दिसतं.

बाहेरचं एक उदाहरण देऊन हा भाग संपवतो. पोर्तुगालने जुलै २००१ पासून स्वतःपुरता, साधारण दहा दिवसांचा साठा बाळगणं हा फौजदारी गुन्हा मानायचं सोडलं. विक्री गुन्हाच राहिली. सापडलेल्या माणसाला न्यायाधीशाऐवजी डॉक्टर आणि समाजसेवकांच्या मंडळापुढे नेतात आणि उपचारांच्या वाटेला लावतात. तिथला धंदा संपला नाही, पण सुईतून होणारा एचआयव्हीचा फैलाव प्रचंड घटला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये शिक्षा काढली, पण उपचारांची व्यवस्था वेळेवर उभी केली नाही. रस्ते नशेत पडलेल्यांनी भरले आणि २०२४ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. त्यामुळे शिक्षा कमी करायची तर आधी दवाखाने उभे करावे लागतात. हा क्रम उलटा करून चालत नाही.

‘सरकारला थांबवायचंच नाही का?’ असं तुम्ही विचारता. सरकार म्हणजे एक माणूस नव्हे. रात्रभर खाडीच्या तोंडाशी जागणारा शिपाई मनापासून जागतो. पण वर्षाचं काम मोजायची वेळ आली की किलो आणि कोटी मोजले जातात, कारण ते पत्रकार परिषदेत टेबलावर मांडता येतात. रत्नागिरी जिल्ह्यात यंदा किती मुलं नशेतून बाहेर आली, हा आकडा कुणी मागत नाही. तो मागायला आपण सुरुवात करायला हवी, ग्रामसभेपासून. आणि गावात काही सापडलं की पहिला संशय परप्रांतीय किंवा नेपाळी खलाशांवर घ्यायचा, हेही आपण थांबवलं पाहिजे. त्याने विक्रेता सापडत नाही, फक्त कष्ट करणारा माणूस दुखावतो.

पाकिटांबद्दल एक काळजीची सूचना. जाळ्यात किंवा वाळूत असं काही मिळालं तर उघडू नका, घरी नेऊ नका, ११२ वर किंवा पोलीस ठाण्याला लगेच कळवा. चरस एक किलोपेक्षा जास्त असला की कायद्याच्या दृष्टीने ते ‘व्यापारी प्रमाण’ होतं आणि किमान शिक्षा दहा वर्षं आहे. दापोलीची पाकिटं साधारण किलोभराची होती. गंमत म्हणून एक पाकीट ठेवणाऱ्या पोराचं आयुष्य त्यात जाऊ शकतं.

आता तुमच्या वाडीतला मुलगा. त्याच्या घरच्यांना सांगा, की कायद्यानेच त्यांच्यासाठी एक दार ठेवलं आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे, नशा करणाऱ्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याचा आरोप असेल आणि तो आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. अल्प प्रमाण म्हणजे चरस १०० ग्रॅमपर्यंत, एमडी २ ग्रॅमपर्यंत. विक्रीत हात असेल तर ही सवलत नाही, म्हणून त्याला पुडी पोचवायच्या कामाला कुणी लावायच्या आत हालचाल करा. नशा भागवायला पैसे कमी पडले की विक्रेता पहिल्यांदा हेच काम देतो.

डॉक्टरांकडे जायला पोलिसांचा कागद लागत नाही. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथल्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. त्या नावाची लाज बाळगू नका. घरून बोलायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १९३३ हा ‘मानस’ या अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक, दोन्ही निःशुल्क आहेत. तो नेमकं काय घेतो, किती दिवसांपासून घेतो, दारू आणि झोपेच्या गोळ्या त्यात आहेत का, हे डॉक्टरांपासून लपवू नका, कारण काही पदार्थ एकदम तोडले की जिवाला धोका असतो. मारून, कोंडून किंवा गंडेदोरे बांधून बघण्यात महिने घालवू नका. आणि तो उपचार घेऊन परत आला की सुरुवातीचे सहा-आठ महिने त्याला मोकळं बसू देऊ नका. तुमची स्वतःची बोट असेल तर पगार आईच्या हातात देण्याच्या बोलीवर त्याला तुमच्याच बोटीवर घ्या, आणि पाठपुराव्याच्या तारखेला सुट्टी द्या.